हातावरचं वृंदावन

कोळगावात जिल्हा मुख्यालय आल्यापासून आमच्या बाजूच्या मुलामुलींना सरकारी नोकरी जवळची वाटू लागली आहे. माझी भाची केंद्रीय दलाच्या भरतीची तयारी करते आहे. त्यातच तिच्या मनाने घेतलंय की आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन तसंच्या तसं आपल्याही हातावर काढून घ्यायचं. परवा मुख्यालयातून तिचा दाखला घेऊन निघालो आणि बोईसरच्या रिक्षेची वाट पाहताना विषय निघाला.

"उजव्या हातावर नको," मी म्हटलं. "तो सलामीचा. डाव्या हाताला कोपराखाली आतल्या बाजूने चालतं, तेही त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान. टॅटूपायी सीआयएसएफमध्ये अपात्र ठरलेल्या सोलापूरच्या एका मुलाला 2017 साली मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं होतं."

"माहीत आहे. डाव्यावरच काढणार. पण आत्या, तू नियम सांगतेस म्हणजे तुझं खरं म्हणणं दुसरंच आहे."

"आहे. आज तू विशीत आहेस. पन्नाशीतल्या बाईचा हात आत्ताच रंगवून ठेवायचा हक्क तुला कुणी दिला? तिला विचारायची सोय नाही."

"आजीला तरी कुणी विचारलं होतं? लहानपणी धरून बसवलं आणि काजळी घालून सुयांनी टोचलं."

"म्हणून तर तिला पस्तावण्याची वेळ आली नाही. तिने निवडलंच नव्हतं, मग चुकणार कशी? तुला मात्र निवडावं लागतंय."

"म्हणजे जबरदस्तीने झालेलं निभावतं, आणि विचारपूर्वक केलेलं धोक्याचं?"

मी गप्प झाले. मुलींच्या रडण्याकडे कानाडोळा करून केलेल्या गोंदणाचं कौतुक मला कधीच जमलेलं नाही. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं बाया सांगत. त्या समजुतीनेही त्या पोरींचं दुखणं कमी होत नव्हतं. तरीही आईच्या हातावर ते वृंदावन शोभतं, आणि ते तिचंच वाटतं, हेही खरं.

"तुझ्या आजीचं माहेर पोफरणचं," मी म्हटलं. "तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. गोंदण झालं ते त्या घराच्या ओटीवर. गाव उठल्यानंतर ती त्या हाताकडे वेगळ्या नजरेने बघू लागली. गोंदताना त्यात माहेर नव्हतं गं, ते नंतर आलं."

"मग माझ्यातही नंतर काही येईल."

"येईल, किंवा येणारही नाही. पण मी एक वाचलंय. शाई त्वचेच्या आतल्या थरात पेशी गिळतात. त्या पेशी कायमच्या नसतात. 2018 साली मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की एक पेशी मेली की तिच्यातली शाई मोकळी होते आणि नवी पेशी ती उचलते. म्हणून ठसा टिकतो. लेझरने शाईचे कण फोडले तरी काही पुन्हा उचलले जातात, एका बैठकीत काम होत नाही."

"म्हणजे गोंदण एकदा होऊन संपत नाही?"

"नाही. आधीच्या पेशीचं ओझं नंतरची उचलत राहते. पेशीला नाही म्हणता येत नाही, तुला येतं. पन्नाशीत आवडेल का, हे मी विचारायलाच नको होतं, ते कुणालाच कळणार नाही. विचारायचं ते हे की, आवड गेली तरी आजच्या तुझ्याकडून ते घ्यायला उद्याची तू तयार होशील का?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नावं, तारखा, एखाद्या मुलाचं काही असतं, तर मी नसते घेतलं. पण आजीचं घ्यायला मी आताही तयार आहे, नंतरही असेन."

"मग भरती होऊ दे. मेडिकल झालं की काढ. आणि लक्षात ठेव, टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही."

"तोपर्यंत आजीला एक विचारते. धरून बसवलेलं ते तिचं कधी झालं, कोणत्या वर्षी, कशामुळे. तिला नाहीच सांगता आलं, तर आत्या, मी डाव्या हातावर काय काढून घेतेय, ते मलाच कळलेलं नसेल."