रुळण्याचा आठवडा

परदेशात स्कीइंगसाठी काढलेल्या महिना-दीड महिन्याच्या सुट्टीत पहिला आठवडा बहुतेक अंगमेहनतीतच जातो. स्वित्झर्लंडमधले दावोस समुद्रसपाटीपासून सुमारे 1,560 मीटर उंचीवर आहे. तिथे पोहोचल्यावर सुरुवातीच्या रात्री झोप तुटक लागते, जिना चढताना धाप लागते, कोरड्या हवेने ओठ फुटतात. भारतातून गेलेल्याचे घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास मागे जाते, त्यामुळे पहाटे तीनलाच टक्क जाग येते. मग स्कीचे साहित्य भाड्याने देणाऱ्या दुकानात बूट निवडायचे. तिथला माणूस वजन, उंची, वय आणि कौशल्य विचारून घेतो आणि बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगचा ताण त्यावरून ठरवतो. ताण फार ठेवला तर पडताना बूट सुटत नाही आणि पाय मोडू शकतो. कमी ठेवला तर नको त्या वळणावर स्की निखळते. विश्रांतीसाठी एवढा खटाटोप करावा लागत असेल, तर जिच्यासाठी तो करायचा ती फुरसत नेमकी कशाला म्हणायची, असा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट मांडणी ॲरिस्टॉटलची आहे. माणूस कामाला जुंपून घेतो तो फुरसत मिळावी म्हणून, असे त्याने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या दहाव्या भागात म्हटले. ‘पॉलिटिक्स’मध्ये त्याने आणखी बारीक भेद केला: खेळ आणि करमणूक हे थकव्यावरचे औषध आहे, फुरसत मात्र स्वतःच साध्य आहे. नोकरीत मिळणारी चार दिवसांची रजा पहिल्या प्रकारात मोडते. माणूस ताजातवाना होऊन कामावर परतावा एवढाच तिचा हेतू असतो. लांब सुट्टीचे तसे नाही. शीण उतरतो आणि तरीही पुष्कळ दिवस हातात उरतात. औषधाची गरज संपल्यावर त्या दिवसांचे काय करायचे, याला करमणुकीकडे उत्तर नाही. सतराव्या शतकात पास्कालने हीच दुखरी जागा दाखवली. शिकाऱ्याला ससा नको असतो, सशामागे धावताना होणारा स्वतःचा विसर हवा असतो, असे त्याचे निदान होते. दिवसभर उतारावरून खाली येणे आणि पुन्हा लिफ्टने वर जाणे हे त्या शिकारीपेक्षा वेगळे आहे का, हे प्रामाणिकपणे तपासायला हवे.

पहिल्या आठवड्याचे खास महत्त्व जर्मन कादंबरीकार टोमास मान याने ओळखले. 1912 मध्ये त्याची पत्नी दावोसच्या आरोग्यधामात होती आणि तो तिला भेटायला तिथे जाऊन राहिला. त्यातून 1924 मध्ये ‘जादूचा पर्वत’ ही कादंबरी आली. तिचा नायक तीन आठवड्यांसाठी दावोसला येतो आणि सात वर्षे राहतो. कादंबरीत मध्येच थांबून मान कालाच्या अनुभवावर लिहितो. नव्या ठिकाणचे पहिले सहा-आठ दिवस ऐसपैस, भरलेले वाटतात आणि माणूस रुळू लागला की दिवस आखडत जातात, असे तो सांगतो. सवयीने कालाची जाणीव झोपी जाते. त्याआधी, 1890 मध्ये, मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनेही नोंदवले होते की नवनव्या अनुभवांनी भरलेला काळ जाताना भरकन जातो, पण आठवताना लांब वाटतो. नोंदी वेगळ्या असल्या तरी दोन्हींचा रोख एकच: माणसाला काळ मोठा करून देते ते नावीन्य.

इथे खरी अडचण उभी राहते. ॲरिस्टॉटलच्या फुरसतीला स्थिर मन लागते आणि मानच्या म्हणण्याप्रमाणे स्थिरावणे म्हणजेच दिवस गमावणे. न रुळलेला माणूस दमलेला असतो, रुळलेला माणूस बधिर होतो. मधली वाट आहे की नाही?

ती आहे, आणि स्की शिकताना ती शरीरालाच सापडते. नवशिक्याला सपाटीजवळच्या सौम्य उतारावर उभे केले जाते. कडक बूट नडगीवर घट्ट आवळलेले असतात, पायांत स्की असतात. समोर दरी दिसताच शरीर मागे, डोंगराच्या बाजूला, झुकते. ही भीतीची उपजत प्रतिक्रिया आहे. पण भार टाचांवर गेला की स्कीचे पुढचे टोक हलके होते, ती वळत नाही आणि वेग हाताबाहेर जातो. प्रशिक्षक पुन्हा पुन्हा एकच सांगत राहतो: पुढे झुका, नडगी बुटाच्या जिभेवर टेकवा, वळताना भार बाहेरच्या पायावर टाका. ज्या उताराची भीती वाटते त्याच्याच दिशेने अंग सोपवले की ताबा मिळतो. हे डोक्याला लगेच पटते, पायांना पटायला मात्र कित्येक दिवस आणि बरेच आपटणे लागते. चंचल मन आवरण्यासाठी गीतेच्या सहाव्या अध्यायात अभ्यास आणि वैराग्य ही जोडी सांगितली आहे, तिचा अर्थ इथे कळू शकतो. अभ्यास म्हणजे तीच कृती पुन्हा करणे; वैराग्य म्हणजे सावरून धरण्याचा हट्ट सोडणे. एकट्या अभ्यासाने माणूस ताठरतो.

अशा रीतीने पाय रुळतात, पण लक्ष झोपी जात नाही. कारण बर्फ रोज वेगळा असतो. रात्री गोठलेला उतार सकाळी कडक आणि निसरडा असतो, दुपारी उन्हाने तोच जड होतो. शरीर सवयीचे व्हावे आणि ध्यान ताजे राहावे, ही दुर्मीळ स्थिती फुरसतीच्या सर्वांत जवळची म्हणावी लागेल. सार्त्रने ‘अस्तित्व आणि शून्यता’ (1943) या ग्रंथाच्या शेवटच्या भागात स्कीइंगची चर्चा केली. बर्फावरून घसरणे ही त्याला ताबा घेण्याचीच एक रीत वाटली: पृष्ठभागात न रुतता, मुळे न धरता तो आपला करणे. निरीक्षण मार्मिक आहे, निष्कर्ष मात्र एकांगी आहे. उतार आपला करणे हे पहिल्या एक-दोन दिवसांतल्या नवशिक्याचे स्वप्न असते. पुढे तो उताराचे ऐकायला शिकतो.

स्कीच्या सुट्टीचा इतिहासही धर्मचिंतनापासून फार दूर नाही. मेथडिस्ट पाद्री हेन्री लन याने 1892 पासून स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्ड इथे चर्चमधल्या पंथांच्या एकीसाठी परिषदा भरवल्या आणि त्याच प्रवासांतून त्याचा पर्यटन व्यवसाय वाढला. त्याचा मुलगा आर्नल्ड 1888 मध्ये मद्रासला जन्मला. त्याने 1922 मध्ये म्यूरेन इथे आधुनिक स्लालम शर्यत भरवली आणि 1933 मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला. डोंगरातले रिकामे दिवस गंभीर संवादासाठी वापरता येतात, याचा हा चांगला दाखला आहे.

एक हिशेब तरीही राहतो. ॲरिस्टॉटलच्या नागरिकाची फुरसत गुलामांच्या कष्टांवर उभी होती आणि गुलामगिरीचे समर्थन त्याने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात केले. आजचे श्रम पगारी आहेत, पण पाहुण्याच्या नजरेआड तेही राहतात. लिफ्ट बंद झाल्यावर यंत्रे उतारावर चढतात आणि दिवसभर उकरला गेलेला बर्फ रात्रीतून सपाट करतात. लिफ्टवरचे आणि हॉटेलांतले पुष्कळ कामगार हंगामापुरते, घर सोडून आलेले असतात. फुरसतीच्या ज्या विचारात या माणसांच्या विश्रांतीला जागा नाही, तो विचार अपुरा आहे.