मूळ वाद्य आणि मूळ स्वर

जुन्या रचनेशी प्रामाणिक राहणे म्हणजे नेमके कोणाशी प्रामाणिक राहणे? तिच्या कर्त्याशी, तिच्या अक्षराशी, की आपल्या कानांशी? युरोपात गेल्या काही दशकांत मोझार्टच्या व्हायोलिन-पियानो सोनाटा त्याच्या काळच्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित करण्याची प्रथा रुजली आहे. तिच्यामुळे हा प्रश्न रसिकतेपुरता न राहता नीतीचाही झाला आहे.

१७८१ साली प्रसिद्ध झालेल्या मोझार्टच्या सहा सोनाटा मुखपृष्ठानुसार पियानोच्या आहेत, व्हायोलिन साथीला. त्या काळचा पियानो लाकडी सांगाड्याचा, सुमारे पाच सप्तकांचा, चामड्याने मढवलेल्या लहान हातोड्यांचा. त्याचा स्वर उमटतो आणि लवकर विरतो. आतड्याच्या तारांचे व्हायोलिन तो विरता स्वर हळुवारपणे धरून ठेवते. पुढे लोखंडी सांगाड्याचा, सात सप्तकांचा बलदंड पियानो आला आणि हे नाते अवघड झाले. आता पियानोवादकाला आपला हात आखडावा लागतो, नाहीतर सोबत्याचा आवाज बुडतो. जुन्या वाद्यांवर दोघेही निःसंकोच बोलतात. या वाद्यांचे खरे समर्थन त्यांच्या जुनेपणात नाही, या न्यायात आहे.

आपल्या नाट्यसंगीतातही असा संसार नांदला. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गन असे, कादरबक्षांची सारंगी असे, तिरखवाँचा तबला असे. ऑर्गनचे स्वर ठरलेले. त्यातून मींड निघत नाही. ती उणीव सारंगी भरून काढी, आणि ऑर्गन आपल्या भरदार, अखंड स्वराचा आधार देई.

याच दिल्लीतून १९४० साली नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. बारा ठराविक स्वरांत आपल्या श्रुती मावत नाहीत, हा आक्षेप खोटा नव्हता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री होते. तेव्हाही बंदी टिकली. ती शिथिल झाली १९७१ मध्ये. परंतु १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतःच नामांकित हार्मोनियमवादक होते. त्या पदांपुरती ती परकी पेटीच मूळ वाद्य ठरते. मग शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने कोणती शुद्धता राखावी? देशाची, की रचनेची?

शिवाय जुने वाद्य मिळाले, तरी जुना कान कोठून आणावा? कचेरीत आपण सत्यप्रतीवर सही करतो, तेव्हा मजकूर मुळाबरहुकूम आहे एवढीच ग्वाही देतो. मूळ पत्र प्रथम उघडणाऱ्याच्या मनात काय उसळले, त्याची ग्वाही कोणतीही सही देत नाही. जुन्या वाद्यांवरचे ध्वनिमुद्रण ही अशीच सत्यप्रत होय. तिचा मान राखावा. तिला मूळ अनुभव समजू नये.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विचार परका नाही. येथील गणेशोत्सवात नाट्यपद रंगते तेव्हा ऑर्गन नसतो, सारंगिया मिळत नाही. म्हणून पद गाऊच नये काय? अवश्य गावे. मात्र मुळात कोणी कोणाला आधार दिला होता, हे जाणून गावे. आणि हाताशी असलेल्या पेटीचा आवाज इतका चढू देऊ नये, की शेजारच्या व्हायोलिनला बोलताच येऊ नये. वाद्ये बदलली तरी हे सौजन्य पाळता येते, आणि पूर्वजांशी इमान राखण्याचा तोच आपल्या हातातला मार्ग आहे.