रस्ता कुणाच्या बापाचा

उभाच राहा. बाकाला टेकू नकोस. आणि ती किल्ली बोटात गरागरा फिरवणं आधी थांबव.

माझं घर त्या गल्लीत आहे हे तुला ठाऊक नव्हतं, म्हणून "बाई, जस्ट टच झाला" असं तू तोंड वर करून सांगू शकलास. काल सकाळी सव्वासहाला मी गच्चीत तुळशीला पाणी घालत होते. क्लासला उशीर झाला म्हणून तू राँग साइडने घुसलास, हॉर्नवर अंगठा दाबून धरलेला. समोरून पाववाला सायकलवर येत होता. तो कडेला झाला, आणखी कडेला झाला, मग गटारापाशी त्याची कडाच संपली.

पावाच्या लाद्या डांबरावर पसरल्या. तो उठला तो आधी लाद्यांकडे गेला. एकेक उचलायचा, फुंकर मारायचा, खालची बाजू झटकायचा आणि दोन ढीग लावायचा: विकता येतील असा एक, गाईला घालायचा दुसरा. डावं मनगट सुजत होतं, म्हणून सगळं उजव्या हातानं. आणि तू? तू बोटाला थुंकी लावून मडगार्डवरचा ओरखडा पुसत होतास. मग पाचशेची नोट काढलीस, त्याच्या कॅरिअरला खोचलीस आणि गेलास. त्याला काही लागलं का, हे चार शब्द तुझ्या तोंडातून निघाले नाहीत. क्लासच्या फीमध्ये ते शिकवत नसावेत.

संध्याकाळी तुझ्या वडिलांचा फोन. "बाई, पोरं आहेत. पैसे दिलेत त्यानं, मिटलंय. उगाच वर्षाचं नुकसान नको." कुणाच्या वर्षाचं, ते मी विचारलं. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या."

आता तुझं वय. सोळा. सोळाव्या वर्षी कायदा तुला ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी चालवू देतो आणि तीही परवाना काढून. तुझ्या बुडाखाली १२५ सीसीची आहे आणि खिशात परवाना नाही. परवाना या शब्दाचा अर्थ परवानगी. परवानगी मागावी लागते, ती वाढदिवसाच्या केकबरोबर येत नाही. वडिलांना हेही सांग की २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आपल्याला कळलंच नव्हतं किंवा आपण अडवलं होतं, हे सिद्ध करणं त्यांच्याकडे. आणि तुला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. "मिटलंय" म्हणताना यातलं काय मिटलं होतं?

हसू नकोस. तुझ्या मनात कल्याणीनगर आलंय, ते मला दिसतंय. माझ्याही मनात तेच आहे. १९ मे २०२४ ची पहाट, सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पोर्शे, आणि मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर जागच्या जागी गेले. कोट्यवधींच्या त्या गाडीची नोंदणी पुरी झाली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. पण माझी तिडीक वेगळी आहे. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला, आणि अटींमध्ये एक अट होती तीनशे शब्दांच्या निबंधाची.

निबंध! एकतीस वर्षं मी निबंध तपासतेय. 'पावसाळ्यातील एक दिवस'पासून 'मी मुख्यमंत्री झालो तर'पर्यंत. तीनशे शब्दांत काय मावतं आणि काय मावत नाही, हे मला नेमकं माहीत आहे. लोक संतापले, मग जामिनाचा हुकूम बदलला, ते सगळं नंतरचं. मला त्या दिवशी माझ्याच विषयाची लाज वाटली. म्हणून तुला निबंध देणार नाही. तू तो छान लिहिशील. शेवटी 'वेगाला आवर, जीवनाला सावर' असं काहीतरी टाकशील आणि मला दहापैकी आठ द्यावे लागतील.

मुलांशी कायद्यानं मायेनं वागावं, हे मला मान्य आहे. मी बाई आहे, फौजदार नाही. चुकायची मुभा नसेल तर शाळा कशाला हवी? पण वहीतली चूक वहीतच राहते, मी तांबड्या शाईनं गोल करते आणि विषय संपतो. तुझी चूक काल दुसऱ्याच्या मनगटात गेली. त्या पाववाल्याचा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, गॅरेजात पंक्चर काढतो. समज, त्यानं कुणाची तरी स्कूटर घेऊन तुझ्या वडिलांच्या गाडीला जस्ट टच केला असता. तेव्हा "पोरं आहेत" म्हणून फोन कुणी केला असता? कुणाला? तुझ्यापाशी आहे आणि त्याच्यापाशी नाही, ती गोष्ट स्कूटर नव्हे. स्कूटर हप्त्यानं त्यालाही मिळेल. चुकायची मुभा हप्त्यानं मिळत नाही.

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. गेल्या वर्षी सिग्नल तोडला. चौकातला हवालदार माझाच जुना विद्यार्थी निघाला. "अहो बाई, तुम्ही? जा, जा." आणि मी गेले. मागच्या रिक्षावाल्याची पावती मात्र फाडली, आरशात दिसत होतं. गाडी बाजूला घेऊन माझीही पावती फाड म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. बड्या लोकांच्या गाड्यांवरचे लाल दिवे २०१७ सालच्या १ मेला गेले, पण ते "जा, जा" कुठे गेलंय? नंबरप्लेटवर ४१४१ ला वळण देऊन 'दादा' वाचायला लावणारे तेच तर ओरडून सांगत असतात: आम्हाला अडवू नका, आमची ओळख आहे.

आणि "हळूच होतो बाई" हे मला सांगू नकोस. गणित माझा विषय नाही, तरी एवढं येतं. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. हा वर्ग भिंतीपासून भिंतीपर्यंत आठ मीटर आहे. मोबाइलकडे एक नजर टाकलीस की दोन वर्ग आंधळ्यानं पार केलेस. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं, तिथे कुणाच्या ओळखीचं काही चालत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. रोजची साडेचारशेच्या वर. त्यातली बत्तीस हजारांहून जास्त पायी चालणारी होती, ज्यांनी कुणालाच धडक दिली नव्हती.

रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का, असं पाववाला काल म्हणू शकला असता. सगळं गाव म्हणतं. तो म्हणाला नाही. बहुतेक त्याला वाटलं, असेलही.

किल्ली टेबलावर ठेव. ती न्यायला वडिलांना येऊ दे, फोन नको. उद्या सहाला बेकरीपाशी उभा राहा. त्याच्या मनगटाला पट्टा आहे, लाद्या तू उचल, सायकल तो दाखवेल तशी धर, दारोदारी जा. महिनाभर, पट्टा निघेपर्यंत. यातून तू सुधारशील असा माझा भ्रम नाही. त्याला उचलवत नाही, एवढंच कारण आहे. पाचशे परत मागू नकोस, डॉक्टरनं सहाशे घेतले.

आणि चालत जा. दीड किलोमीटर आहे, साडेपाचला निघ.