उंबरठा कुणासाठी?

माणूस दुखण्याने खचतो, तसाच परक्या भिंतींनीही खचतो. मग भ्यालेल्याने धीर धरावा, की घराने आपले रूप बदलावे? आम्हांस वाटते, घरानेच बदलावे.

गडचिरोलीचेच पाहा ना. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' संस्था काढली. गोंड लोक मोठ्या दवाखान्यास भीत. पांढरे कपडे पाहून त्यांना प्रेतावरचे वस्त्र आठवे. शिवाय नातलगांना आत राहू देत नसत. तेव्हा बंग दांपत्याने त्यांनाच विचारले, दवाखाना कसा हवा? त्यातून शोधग्रामात झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. रोग्यापाशी घरची माणसे राहू लागली. नावही त्यांच्याच देवीचे, माँ दंतेश्वरी.

कुणी म्हणेल, औषध चांगले असले म्हणजे झाले, भिंतींचे काय एवढे? पण बाबांनो, रोगी दारातूनच परतला तर औषध द्यायचे कुणास? पंढरीचे राऊळ सर्वांस उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. तिथे मज्जाव होता, इथे भय. बाहेर राहिलेल्याचे दुःख मात्र एकच.

म्हणून धर्मशाळा बांधा, शाळा बांधा की दवाखाना. गवंड्यास बोलावण्याआधी, जो तिथे राहणार त्यास विचारा.