सुटलेला माणूस

गेल्या दिवाळीत मी वडिलांना बासुंदीवरून बोललो. सगळ्यांसमोर बोललो. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट 9.4 आला होता, डॉक्टरांनी फक्त हात जोडायचं बाकी ठेवलं होतं, आणि आण्णा दुसऱ्यांदा वाटी पुढे करत होते. मी म्हणालो, "आण्णा, तुमचा स्वतःवर जरासुद्धा कंट्रोल नाही का हो?" ते काही बोलले नाहीत. वाटी मात्र मागे घेतली नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी जुन्या बॉक्सिंगच्या मॅचेस लावून बसलो. (मी स्वतः बॉक्सिंग करत नाही. दिवसभर कोड लिहितो आणि रात्री दुसऱ्यांना मार खाताना बघतो.) लागली ती रोबेर्तो दुरान आणि शुगर रे लेनर्ड यांची 1980 ची मॅच. खरं तर मॅचेस. त्या वर्षी ते दोनदा लढले, आणि माझा प्रश्न त्या दोन मॅचेसच्या मधल्या पाच महिन्यांचा आहे.

दुरान पनामाचा. 1951 चा जन्म, पनामा सिटीतल्या एल चोरिय्यो या गरीब वस्तीतला. बाप सोडून गेलेला. पोरगा रस्त्यावर बूट पॉलिश करायचा, पेपर विकायचा आणि पोट भरायचा. सोळाव्या वर्षी पैशासाठी लढायला लागला. 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केन ब्युकॅननला हरवून लाइटवेट चॅम्पियन झाला. त्या गटाची मर्यादा 135 पौंड, म्हणजे साधारण 61 किलो. पुढची साडेसहा वर्षं तो त्या गटाचा मालक होता.

20 जून 1980 ला माँट्रियलमध्ये त्याने लेनर्डला हरवलं. लेनर्ड तोपर्यंत एकही व्यावसायिक लढत हरला नव्हता, याच शहरात 1976 ला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला, अमेरिकेचा लाडका. पंधरा राउंड दुरानने त्याला श्वास घेऊ दिला नाही.

आणि मग दुरान सुटला.

आपल्याकडे माणूस जाड झाला की 'सुटला' म्हणतात. शाळा सुटते, कैदी सुटतो, तसंच पोटही सुटतं. सुटका आणि चरबी आपण एकाच क्रियापदात बसवलीय हे त्या रात्रीपर्यंत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पार्ट्या, दारू, जेवणावळी, सोबतीला फुकटे मित्र. 147 पौंडांच्या, म्हणजे 66.7 किलोंच्या गटात लढलेला माणूस बघता बघता 80 किलोंच्या पुढे गेला. लेनर्डला ते कळलं. रीमॅच लवकर हवी म्हणून तो मागे लागला, आणि का मागे लागला हे त्याने नंतर कधी लपवलं नाही: दुरान मजा मारतोय, जाड झालाय, हीच वेळ आहे.

तारीख ठरली 25 नोव्हेंबर. न्यू ऑर्लिन्स.

मॅचआधीचा कॅम्प असतो साधारण आठ ते बारा आठवड्यांचा. वजन आटोक्यात असलेला बॉक्सर ते आठवडे समोरच्या माणसाचा अभ्यास करण्यात घालवतो: तो डावा हात कधी खाली आणतो, थकला की कुठल्या बाजूला सरकतो. सुटलेला बॉक्सर तेच आठवडे स्वतःशी भांडण्यात घालवतो. आधी चरबी उतरवायची, ती पुरत नाही म्हणून शेवटी पाणी. प्लॅस्टिकचा सूट घालून पळायचं, वाफेच्या खोलीत बसायचं, घोटभर पाण्यासाठी जीव टाकायचा. काट्यावर आकडा बरोबर येतो. पण पाय कुठे तरी मागेच राहिलेले असतात.

तेव्हा वजन मॅचच्याच दिवशी व्हायचं. दुरानने वजन भरलं आणि उपाशी माणूस खातो तसा खाल्ला. रात्री रिंगमध्ये लेनर्ड नाचत होता, जीभ काढून चिडवत होता. सातव्या राउंडला त्याने उजवा हात गरागरा फिरवून दाखवला आणि डाव्याने मारला. आठव्या राउंडमध्ये दुरान वळला, हात हलवला आणि थांबला. 'नो मास', म्हणजे 'आता बस', असं तो म्हणाल्याचं जगाने ऐकलं. आपण ते शब्द कधी उच्चारलेच नाहीत, असं दुरान आजही म्हणतो. पोटात कळा येत होत्या, असं त्याने तेव्हा सांगितलं. थांबला त्या क्षणी तो तिन्ही पंचांच्या कार्डवर मागे होता, पण फक्त एक-दोन गुणांनी.

पनामाने त्याला भ्याड म्हटलं. बाकी सगळ्यांनी म्हटलं, शिस्त नाही. म्हणजे मी आण्णांना म्हणालो तेच.

अ‍ॅरिस्टॉटल दोन माणसांत फरक करतो. एकाला योग्य काय ते कळतं, तरी हातून दुसरंच घडतं, आणि मग तो पस्तावतो. दुसऱ्याला आपण करतोय तेच बरोबर वाटतं, त्याला पस्तावा वगैरे होत नाही. दुरानला कुठल्या खान्यात टाकायचं यावर मी बराच वेळ घालवला आणि मला वाटतं तो कुठेच नीट बसत नाही. पंधरा-सोळा किलो चढवून ते पाच महिन्यांच्या आत उतरवणाऱ्या माणसाकडे इच्छाशक्ती कमी आहे असं कसं म्हणायचं? वर्षभर 68 किलोंवर राहणाऱ्याला एवढी कधी लागतच नाही. दुरानकडे ती ढिगाने होती, फक्त ती एका तारखेला बांधलेली होती. तारीख गेली की दोर सुटला.

हे मला ओळखीचं आहे. आमच्याकडे रिलीजच्या आधी तीन आठवडे लोक रात्रीचे दोन-दोन वाजेपर्यंत बसतात, देवासारखं काम करतात, आणि रिलीज झाल्यावर महिनाभर कोणी एक टेस्टसुद्धा लिहीत नाही. पुढच्या रिलीजला सगळं व्याजासकट अंगावर येतं. त्यांना आळशी कोणी म्हणत नाही. उलट त्या तीन आठवड्यांसाठी अवॉर्ड मिळतं. (मला मिळालंय. त्या काळात नऊ किलोही मिळाले.)

मग दुरानची चूक कुठली? माझ्या मते खाणं ही नव्हे. त्याने नोव्हेंबरच्या तारखेला होकार दिला, ही. रिंगमध्ये ज्या शरीराला उतरायचं होतं, त्याच्या वतीने एका वेगळ्याच माणसाने वचन दिलं: नुकत्याच जिंकलेल्या, भरल्या पोटाच्या, जवळ लाखो डॉलर येऊ घातलेल्या माणसाने. कागदावर दोघे एकच. पण उधारी एकाने केली आणि फेडली दुसऱ्याने.

आणि लेनर्ड? त्याने नियम मोडला नाही. समोरच्याची दुबळी बाजू शोधणं हाच तर खेळ. तरी मला ते गिळायला जड जातं. डावा हात खाली येतो हे हेरणं वेगळं. उपाशी वाढलेल्या पोराला ताट मिळालं की तो थांबणार नाही, यावर पैज लावणं वेगळं. कुठे रेघ मारायची हे मला नीट सांगता येत नाही, पण रेघ आहे एवढं नक्की.

आता दुसरं एक वजन बघा. 26 फेब्रुवारी 2000, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. आर्टुरो गॅटी विरुद्ध जोई गमाश. तोपर्यंत वजन आदल्या दिवशी घ्यायची पद्धत आली होती. ठरलेली मर्यादा 141 पौंड, आणि गॅटी त्यात बसल्याची नोंद झाली. दुसऱ्या रात्री रिंगमध्ये उतरण्याआधी टीव्हीवाल्यांच्या काट्यावर तो 160 भरला. एका दिवसात 19 पौंड, साडेआठ किलो. गमाश 145 होता. दुसऱ्या राउंडमध्ये तो बेशुद्ध पडला, मेंदूला इजा झाली, पुन्हा कधी लढला नाही.

एरवी शरीर पिळून काट्यावर हलकं दाखवायचं आणि रात्रीतून फुगवायचं, याला या धंद्यात तयारी म्हणतात, प्रोफेशनल म्हणतात. दुरान पाच महिने सुटला, त्यात मार फक्त दुरानला बसला. तरी आपण हसतो ते दुरानला.

रिकी हॅटनलाही हसायचे. मँचेस्टरचा पोरगा, 63.5 किलोंना लढायचा आणि मॅच संपली की बिअर आणि पबमधल्या जेवणावर 80 च्या घरात जायचा. लोक त्याला 'रिकी फॅटन' म्हणायचे. तो त्यांच्याआधी हसायचा, एकदा तर जाड माणसाचा फुगवलेला सूट घालून रिंगकडे चालत आला. हजारो माणसं त्याच्यामागे लास व्हेगासला गेली, कारण तो त्यांच्यासारखाच खायचा. निवृत्तीनंतरच्या नैराश्याबद्दल तो उघडपणे बोलायचा. सप्टेंबर 2025 मध्ये, 46 व्या वर्षी, तो गेला.

दुरानचं करिअर मात्र न्यू ऑर्लिन्सला संपलं नाही. सुटलेलं शरीर पूर्ण खाली येईना, तर तो वरच्या गटांत गेला. 1989 मध्ये, 37 व्या वर्षी, 160 पौंडांच्या गटात इरान बार्कलीला हरवून चॅम्पियन झाला. शेवटची मॅच 2001 मध्ये, पन्नाशीत. एकूण 119 लढती. 'शिस्त नाही' या दोन शब्दांत हे सगळं कुठे बसवायचं, मला कळत नाही.

दुरान न्यूयॉर्कला पहिल्यांदा चॅम्पियन झाला तो दिवस होता 26 जून 1972. त्याच पावसाळ्यात सांगोल्याकडे पाऊस आला नाही. आण्णा तेव्हा दहा वर्षांचे. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, घरी रेशनच्या मिलोची लाल भाकरी, कामावर वाटलेली सुकडी ती पदरात बांधून आणायची आणि चार पोरांत वाटायची. हे मला आण्णांनी सांगितलेलं नाही, आत्याने सांगितलं. आण्णांचं ताट मी आयुष्यात कधी खरकटं बघितलेलं नाही. लहानपणी मला तो संस्कार वाटायचा.

म्हणून साखर वाढू द्यायची का? नाही. डोळे जातात, किडनी जाते. भूक समजून घेतली म्हणून इन्सुलिन वाढत नाही. पण मी ज्या शब्दांत बोललो ते शब्द चुकीचे होते. ज्यांनी चाळीस वर्षं एकही खाडा न करता नोकरी केली, त्यांना मी कंट्रोलबद्दल विचारलं होतं.

परवा फोन केला. बासुंदीचा विषय कसा काढावा कळेना, म्हणून रिपोर्ट विचारला. म्हणाले, "8.6. सकाळचं चालणं चालू आहे." मग जरा थांबून, "तुझं वजन काय झालं?"

"88," मी म्हणालो.

"सुटलास की," आण्णा म्हणाले. "ये एकदा, जेवायलाच ये."