पाला कोण खुडतो?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात तलवारीचा घाव भरणं फार सोपं असतं. बाटलीतलं औषध प्यायचं, चार बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरजेत आणखी दोन मिळवायचे, की तेवढं बळ परत अंगात येतं. जखम धुवायला नको, ती चिघळत नाही, रात्री ठणकत नाही. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. आता तो खेळणारी मुलं आपापली जगं स्वतः रचतात. त्यांत नकाशे असतात, राजघराणी असतात, कधीकधी लिपीसुद्धा असते. अशा जगात जखमेवर बांधायला एखादी वनस्पती लागतेच. बहुतेक वेळा ती निळसर चमकते, दुर्गम कड्यावर उगवते आणि लावताक्षणी जखम मिटवते. मला ती खरी वाटत नाही. जादूला माझी हरकत नाही. पण ती वनस्पती आणायला, निवडायला, वाळवायला कुणी गेलेलंच नसतं.

आपल्या बोलण्यात एकच संजीवनी उरली आहे. वाल्मीकींच्या युद्धकांडात मात्र औषधी चार आहेत. मृतसंजीवनी प्राण परत आणते, विशल्यकरणी रुतलेलं शल्य काढते, सुवर्णकरणी कांती परत देते आणि संधानी तुटलेलं सांधते. बाण निघाला म्हणजे हाड जुळलं असं नव्हे, हे ज्याला ठाऊक आहे त्यानंच ही वाटणी केली असणार. आणि हनुमानासारख्यालाही नेमकी वनस्पती हाती लागत नाही, म्हणून अख्खं शिखर उचलावं लागतं. आपण त्याच्या बळाला हात जोडतो. पण औषधापेक्षा ते शोधणं अवघड, हेही त्या गोष्टीत आहे.

टोल्किननं आपल्या कादंबरीत ‘अथेलास’ नावाची वनस्पती कल्पिली. तिचा खरा गुण राजाच्या हातातच उतरतो. पण मला आवडतो तो दुसराच तपशील. राजधानीच्या शुश्रूषागृहातल्या वनौषधींच्या जाणकाराला तिची सगळी नावं येतात, तिच्यावरचं जुनं गाणं येतं. पण साठ्यात एक पान नसतं. कुणी खुडून ठेवलेलंच नाही! टोल्किन स्वतः १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता आणि खंदकातला ताप घेऊन मायदेशी परतला होता.

त्याच महायुद्धात एका खऱ्या वनस्पतीचं ड्रेसिंग लाखोंच्या संख्येनं बनत होतं. कापूस स्फोटकांसाठीही लागत होता, त्यामुळे जखमांना तो पुरेना. तेव्हा एडिनबरोचे सर्जन चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फोर यांनी दलदलीत उगवणाऱ्या स्फॅग्नम या शेवाळाचा आग्रह धरला. दिसायला ते अगदी सामान्य. पण त्याच्या पानांत मेलेल्या, पोकळ, भोकं असलेल्या पेशी असतात आणि त्या आपल्या कोरड्या वजनाच्या वीसेक पट पाणी धरतात. कापसाच्या कितीतरी पुढे! शिवाय शोषलेलं रक्त एका जागी न फुटता सगळ्या पट्टीभर पसरतं, त्यामुळे पट्टी वारंवार बदलावी लागत नाही. शेवाळ आम्लधर्मी असल्यानं जंतूंची वाढही रोखली जाते. १९१८ पर्यंत ब्रिटनमधून महिन्याला दहा लाखांच्या आसपास अशी ड्रेसिंगं जात होती.

हा आकडा ऐकून माझ्या डोळ्यांपुढे पेशी येत नाहीत, माणसं येतात. स्कॉटलंडच्या आणि डार्टमूरच्या गार चिखलात उतरून बायकामुलं हे शेवाळ गोणीत भरत. मग ते पसरून वाळवायचं, त्यातल्या काड्या, गवत, किडे हातानं वेचून काढायचे आणि मलमलीच्या पिशव्यांत भरायचं. एखादी काडी राहिली तर ती कुणाच्या तरी उघड्या मांसात टोचणार. शिवाय या शेवाळात एक बुरशीही राहू शकते. ते हाताळणाऱ्याच्या बोटावर ओरखडा असेल तर ती आत शिरते आणि गाठी उठतात. म्हणजे दुसऱ्याची जखम बांधणाऱ्याला स्वतःची जखम जपावी लागते. असला नियम कल्पित जगात कुणी घातलेला मी तरी पाहिला नाही, आणि गोष्टीला तर तो किती उपयोगी!

आपल्याकडे शेताच्या बांधावर विळा लागला की दगडीपाल्याचा रस पिळतात. कुणी त्याला एकदांडी म्हणतं. ही वनस्पती मूळची उष्ण अमेरिकेतली. म्हणजे आजीच्या बटव्यातलं हे औषधही कधीतरी परकं होतं; कुणीतरी पहिल्यांदा ते चुरगाळून घावावर धरलं असणार. अर्थात न धुतलेल्या पाल्याबरोबर मातीही जखमेत जाते, तेव्हा खरी जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि धनुर्वाताच्या लशीचं डॉक्टरांना विचारा.

कल्पित जखमेसाठी मात्र मोकळे आहात. तुमच्या जगातल्या वनस्पतीचे गुण सगळ्यात शेवटी लिहा. आधी ती कोणत्या ऋतूत मिळते, तिच्यासारखीच दिसणारी विषारी वनस्पती कोणती, वाळवायला किती दिवस लागतात आणि पाला खुडणाऱ्या बाईला त्याचे काय मिळतात, ते लिहा.