अर्ध्या कोयत्याचा प्रभुवार

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेला आहे. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते. परंतु तिचे पाणी खालच्या मुलखाच्या कामी येते आणि उगमाजवळची हलकी, पावसावर विसंबलेली जमीन थोडी बाजरी, थोडी तूर, थोडा कापूस देऊन थकते. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य शेतकरी जोडपी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या व्यवहारात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. म्हणजे बायको हा अर्धा कोयता. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडते आणि हिशेबही त्याच्याच नावाने होतो.

अशा घरातील एखादी ख्रिस्ती शेतकरीण डोळ्यांपुढे आणावी. गावी असताना ती रविवारची मिस्सा चुकवीत नाही. परंतु आगमनकाळ, नाताळ, भस्म बुधवार आणि कधी पुनरुत्थानाचा सणही तिला उसाच्या फडातच गाठतो. पहाटेच्या अंधारात कोपीपुढे चूल पेटवायची, भाकरी बांधून घ्यायची, नवऱ्याने तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. कारखान्याला रविवार ठाऊक नसतो. एक दिवस बसले की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग प्रभूचा दिवस पवित्रपणे पाळण्याची आज्ञा ही बाई मोडते काय?

ख्रिस्तसभेच्या कायद्याने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. गंभीर कारणामुळे मिस्सेला जाणे अशक्य झाल्यास एकट्याने, कुटुंबाने किंवा काही कुटुंबांनी एकत्र येऊन प्रार्थना करावी, असे 1983 ची धर्मसंहिता कळकळीने सुचविते. तेव्हा तिच्यावर दोष येत नाही. एवढे सांगून आपण मोकळे होतो, आणि वर ‘काम हीच प्रार्थना’ असे म्हणून तिची समजूतही घालतो.

हे समाधान मला फार स्वस्त वाटते. अरणच्या सावता माळ्याला आपल्या मळ्यातच विठ्ठल भेटला, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पण मळा सावत्याचा होता. खुरपे केव्हा खाली ठेवायचे हे तो ठरवीत असे. ज्या कामातून उठण्याची मुभाच नाही, त्या कामाला प्रार्थना म्हणण्याचा अधिकार फार तर ते करणाऱ्या बाईला आहे. बाकावर बसलेल्या आपल्याला नाही. जनाबाईच्या कथेत विठोबा तिला उपदेश करीत नाही, जात्याला हात लावतो. आपल्याकडे शेतकऱ्यांचा आश्रयदाता म्हणून संत इसिदोर मानला जातो. त्याला 1622 साली संतपद मिळाले. तो प्रार्थनेत मग्न असताना देवदूतांनी त्याचा नांगर धरला, असे सांगतात. त्याची पत्नी मरिया हिचे भांडे गोरगरिबांसाठी सदैव चुलीवर असे, असेही सांगतात. देवदूताने तिची चूल पेटविल्याची कथा मी तरी ऐकलेली नाही.

अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे, ती सावकाश वाचावी. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीआतला परका, या सर्वांनी विसावा घ्यावयाचा आहे. यादीत बैल आहे, गाढव आहे. पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. ती ‘तू’ या शब्दातच आली, असे भाष्यकार म्हणतात. असेलही. पण तिथे दिलेले कारण महत्त्वाचे आहे: तुम्ही मिसर देशात दास होता, हे आठवा. म्हणजे ही आज्ञा प्रथम ज्याच्या हाताखाली माणसे राबतात त्याला उद्देशून आहे. उचलीने बांधलेल्या बाईने रविवार पाळला की नाही, हा प्रश्नच उलटा आहे. तिच्या बाबतीत आज्ञा मोडली जाते, पण ती मोडणारी ती नव्हे.

विसावा हिरावला की काय होते, हे बीड जिल्ह्याने पाहिले आहे. 2019 साली राज्य शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत येथील 82 हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांवर स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकल्याचे आढळले. दुखणे अंगावर काढणे आणि खाडा न परवडणे, ही त्यामागची कारणे म्हणून चर्चेत आली. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने सवड असलेल्या ख्रिस्ती माणसांना बजावले आहे की, दारिद्र्यामुळे ज्यांना विश्रांती घेता येत नाही त्या बांधवांचे स्मरण ठेवा. आपल्या रविवारच्या चहात पडणारी साखर त्यांच्याच रविवारची असते.

मुकादम आणि कारखाना यांना दूषण देणे त्या मानाने सोपे आहे. हंगाम संपतो, ती पाटोद्याला परतते. आता कोणी खाडा धरणारा नाही. तरी रविवारी सर्वांच्या आधी तीच उठते. पाणी, शेणघाण, धार, भाकरी उरकून देवळात पोचते तोवर वाचने आटोपलेली असतात, आणि उशिरा येणाऱ्यांना लावलेला बोल नेमका तिला लागतो. नवरा व मुलगे वेळेवर येऊन पुढे बसलेले असतात. रविवारी गोठ्यातील शेण कोणी काढायचे, हे घरोघर शनिवारी रात्रीच ठरविता येण्याजोगे आहे.